मानसेकी, म्हणजे फुल

मार्चच्या शेवटी आतेभाऊ आणि वहिनी टोकियोला येऊन गेले. नावाला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर बघायला, पण खरं म्हणजे दादा सुशी खायला आला होता, आणि नुसती सुशी नाही, "ती" सुशी, जी त्याने वर्षभर रात्री झोपताना फोनवर बघितली होती. एअरपोर्टवरून घरी येताना ट्रेनमध्येच त्याने मला लिस्ट दाखवली. अकरा दुकानं. त्यातल्या चारांची नावं मी नऊ वर्षं इथे राहूनही ऐकलेली नव्हती, आणि दोन अशी की ज्यांच्यासमोरची लाईन बघून मी प्रत्येक वेळी "बापरे" म्हणत पुढे गेलेय.

लिस्टमध्ये एक नंबरवर त्सुकिजी. म्हटलं, दादा, आतलं मासळी मार्केट २०१८ च्या ऑक्टोबरमध्येच तोयोसुला गेलं, त्सुकिजीत आता बाहेरचा बाजार तेवढा राहिलाय, आणि तुला जी दुकानं हवीयत तीसुद्धा मार्केटबरोबर तिकडे गेली. तो म्हणाला चालेल की, उद्या तोयोसु. उद्या बुधवार होता. तोयोसु रविवारी बंद असतं आणि बरेचदा बुधवारीही, कॅलेंडर काढून बघितलं तर तो बंदचाच बुधवार निघाला. त्याचा चेहरा असा पडला की वहिनींना हसू आवरेना.

मग गुरुवार. पहाटे पहिल्या ट्रेनने निघालो, पुढे युरिकामोमे लाईन, शिजोमाए स्टेशन, तिथून चालत मार्केटची बिल्डिंग. पोहोचलो तर आमच्यापुढे चाळीसएक माणसं आणि आत सीट बारा-तेरा, आता तुम्हीच हिशोब करा. तीन तास उभे होतो. पुढे तैवानचं एक जोडपं, मागे ऑस्ट्रेलियातले चार मित्र जे आदल्या रात्री झोपलेच नव्हते, त्यांच्यामागे कोरियन मायलेकी. लाईनीत ओळखी झाल्या, बिस्किटं वाटली गेली, कोणीतरी बाथरूमला गेलं की बाकीचे जागा धरायचे, छान वातावरण होतं खरं तर. फक्त एक गोष्ट सारखी टोचत होती. जपानी बोलणं ऐकू येत होतं ते फक्त दुकानातून बाहेर येऊन माणसं मोजणाऱ्या बाईंचं.

आता सगळ्यांना वाटेल मी म्हणणार की आत गेलो आणि सगळं फालतू निघालं. नाही हो. मासा एकदम फर्स्टक्लास होता. ओतोरो, म्हणजे टूनाच्या पोटाचा चरबीदार तुकडा, जिभेवर ठेवला आणि दादाने डोळे मिटले, काही सेकंद उघडलेच नाहीत. काउंटरमागचे काका हसतमुख, "टूना, फॅटी टूना, नो सॉस प्लीज" एवढ्यावर सगळं निभावत होते, माशांचे फोटो असलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड समोर ठेवलेलं. पण शेवटचा घास झाला की नजर लगेच दाराकडे, म्हणजे तुमची नाही, त्यांची, कारण बाहेर अजून पन्नास उभे. पाऊण तासात आम्ही बाहेर. तिथे कोणी कोणाला ओळखत नाही आणि ओळखायची कोणाला गरजही नाही, उद्या सगळी माणसं नवीन असणार. ते काका रोज नव्या बारा जणांना तेच पहिलं हसू देतात. मला तर ते मासा कापण्यापेक्षा अवघड वाटलं.

मग जपानी लोक कुठे गेले? ते वैतागून, हळूहळू, मागच्या मागे सरकलेत. २०१३ मध्ये जपानला येणारे परदेशी पहिल्यांदा वर्षाला १ कोटीच्या वर गेले होते, २०२४ मध्ये तो आकडा ३ कोटी ६८ लाखांवर. त्यात येन असा घसरला की त्याच वर्षी जुलैमध्ये एका डॉलरला १६० येनच्या वर मिळत होते. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला जे स्वस्त वाटतं तेच इथे येनमध्ये पगार घेणाऱ्याला महाग. तोयोसु मार्केटला लागून २०२४ च्या फेब्रुवारीत सेनक्याकु बानराई नावाचं जुन्या एदोसारखं, म्हणजे जुन्या टोकियोसारखं सजवलेलं कॉम्प्लेक्स उघडलं, तिथे भातावर मासे रचलेली वाटी, काइसेनदोन, सात हजार येनच्या घरात आणि त्याच्याही वर मिळायला लागली. जपानी लोकांनी तिला लगेच नाव ठेवलं, "इनबाउनदोन". इनबाउंद म्हणजे बाहेरून येणारे टुरिस्ट, दोन म्हणजे ती वाटी. हसत हसत चिमटा. माझ्या ऑफिसमधले लोक जेवायच्या सुट्टीत हा शब्द अजूनही वापरतात आणि मग माझ्याकडे बघून "तुझ्याबद्दल नाही हं" म्हणतात.

माझ्याबद्दल नाही. बरं.

आता माझ्या दुकानाबद्दल. नाव सांगणार नाही, विचारू नका. स्टेशनमागच्या गल्लीत आहे, नऊ सीट, दारावर निळा नोरेन, म्हणजे कापडी पडदा, बाहेर मेनू नाही, किमती नाहीत, काचेतून आतलं काही दिसत नाही. पहिली दोन वर्षं मी रोज त्याच्यासमोरून गेले आणि दार सरकवायची हिंमत झाली नाही. जपानीत एक वाक्य आहे, "इचिगेन-सान ओकोतोवारी", ओळखीशिवाय पहिल्यांदा आलेल्याला नकार. क्योतोच्या जुन्या चहाघरांचा हा नियम, तिथे बिल महिन्याच्या शेवटी घरी जायचं, मग ते कोणाच्या भरवशावर पाठवणार, म्हणून आधी कोणीतरी जुनं गिऱ्हाईक तुमच्यासाठी शब्द टाकणार. आमच्या गल्लीतल्या दुकानाचा असा काही नियम नाही. पण बंद दार आणि नसलेली किंमत मिळून तेच काम करतात.

शेवटी ऑफिसमधले एक सीनियर, रिटायर व्हायला आलेले, मला घेऊन गेले. तायशोंना, म्हणजे मालक कम शेफना, एवढंच म्हणाले की ही आमच्या डिपार्टमेंटमधली, मासे खाते. बस. माझी ओळखपाळख झाली. भिंतीवर लाकडी पट्ट्यांवर माशांची नावं, काहींखाली "जिका" लिहिलेलं, म्हणजे बाजारभाव, म्हणजे देवाला माहीत. मी पहिल्यांदा घाबरत घाबरत सहा निगीरी, म्हणजे भाताच्या गोळ्यावर माशाचा तुकडा, खाल्ल्या आणि बिल काढायला सांगितलं "ओआइसो" म्हणून, कारण यूट्यूबवर तसं शिकले होते. कोपऱ्यातल्या सीटवरचे आजोबा हळूच म्हणाले, तो दुकानातल्या लोकांनी वापरायचा शब्द, आपण "ओकान्जो" म्हणायचं. असेच बाकीचे. चहाला आगारी, आल्याला गारी, भाताला शारी, आणि भातावरच्या माशाला, हे ऐका, नेता. मी जोरात हसले आणि मग सगळ्या काउंटरला समजावून सांगावं लागलं की आमच्या भाषेत नेता म्हणजे पुढारी. आजोबा म्हणाले बरोबरच आहे, खाली राबतो तो भात, वर चमकतो तो नेता. त्या दिवसापासून ते दर निवडणुकीला मला विचारतात यंदा नेता ताजा आहे का.

नेहमीच्या गिऱ्हाइकाला इथे जोरेन म्हणतात. मी जोरेन कधी झाले ते मला सांगता येणार नाही, असा कोणी शिक्का मारत नाही. सुरुवातीला मी "इन्दो नो हितो" होते, भारतातली ती. मग कधीतरी आडनावापुढे सान लागलं. मग एकदा पावसात गेले तर तायशोंनी न विचारता गरम आगारी पुढे ठेवला आणि मला इका, म्हणजे स्क्विड, आवडत नाही हे त्यांच्या लक्षात होतं. बाकी बहुतेक शुक्रवारी तिथे काहीच घडत नाही हो. टीव्हीवर बेसबॉल चालू असतो, आजोबा त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलतात, एक जोडपं येतं, साठीच्या आसपास, ते एकमेकांशीसुद्धा फारसं बोलत नाहीत. अशा कंटाळवाण्या शंभरेक संध्याकाळी काढल्यावर एखाद्या ऑगस्टमध्ये तायशो विचारतात, शिंको आलाय, देऊ का? शिंको म्हणजे कोहादा नावाच्या छोट्या चंदेरी माशाचं अगदी पिल्लू, इतकं लहान की एका निगीरीवर दोन-तीन मासे लागतात, सीझन चार दिवसांचा आणि सुरुवातीला भाव सोन्याचा. पट्टीवर तो लिहिलेलाच नसतो. टुरिस्टला तो मिळत नाही यात लपवाछपवी काही नाही, त्याला आहे हेच माहीत नसतं आणि तायशोंकडे तो असतोच मुळी आठ-दहा जणांपुरता.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जोरेन लोक म्हणजे काही संत नाहीत. दोन निगीरी आणि एक साके (तांदळाची दारू) घेऊन अडीच तास सीट अडवणारे जोरेनच असतात. नव्या माणसाने सोया सॉसमध्ये भात बुडवला की मोठ्याने घसा साफ करणारे तेच. धंद्याच्या हिशोबाने बघाल तर ओमाकासे, म्हणजे शेफ देईल ते, मागून सगळं खाणारा, फोटो काढून खूश होणारा टुरिस्ट कितीतरी परवडतो. पण टुरिस्ट फेब्रुवारीतल्या पावसाच्या मंगळवारी येत नाही. कोरोनात सीमा बंद झाल्या तेव्हा तायशो डबे करून विकत होते आणि ते डबे हीच घसा साफ करणारी मंडळी घेऊन जात होती. ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, ते बोलत नाहीत पण बसलंय.

मोठ्या दुकानांचं तर याच्याही पुढचं. गिंझातलं सुकियाबाशी जिरो, जिथे २०१४ मध्ये पंतप्रधान आबे ओबामांना घेऊन गेले होते, त्याला मिशलिनच्या टोकियो गाईडने पहिल्या वर्षापासून तीन स्टार दिले होते. २०१९ च्या शेवटी नवीन गाईड आलं त्यात ते नाहीच. का, तर चव बिघडली म्हणून नाही, सर्वसाधारण माणसाला तिथे बुकिंगच मिळत नाही म्हणून. नेहमीच्या गिऱ्हाइकांकडून किंवा मोठ्या हॉटेलच्या माणसामार्फत गेलात तरच. त्याच वेळी सुशी साइतोही त्याच कारणाने गाईडमधून गेलं. म्हणजे जोरेन लोकांनी दुकान इतकं भरून टाकलं की बाहेरच्या जगाने ते यादीतूनच काढलं. दादाच्या लिस्टमध्ये ही दोन्ही होती, आणि पुढे त्याने "ट्राय करू" असं लिहिलं होतं. मी काही बोलले नाही.

पण मग त्याने विचारलं, तू कुठे खातेस?

दोन दिवस मी टाळाटाळ केली, खोटं कशाला बोलू. लाज दादाची नव्हती, मला भीती होती माझ्या शंभर संध्याकाळींची. शेवटी तायशोंना फोन करून विचारलं, भाऊ आलाय, आणू का. ते म्हणाले सहा वाजता या, तेव्हा रिकामं असतं. घरातून निघताना मी अगदी सासूसारखी सूचना देत सुटले, परफ्यूम नको, घड्याळ काढ, फोन काउंटरवर ठेवायचा नाही, ते हिनोकीचं लाकूड आहे, चरे पडतात, समोर ठेवलं की लगेच खायचं. वहिनी म्हणाल्या, अगं आपण जेवायला चाललोय की परीक्षेला?

बसलो. पहिल्या मिनिटाला दादाने फोन काउंटरवर ठेवला. मी उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. मग त्याने विचारलं, सॅल्मन आहे का? मी भाषांतर करायच्या आधीच तायशोंना "सॅल्मन" कळलं, ते ओशाळं हसले. एदोमाए, म्हणजे जुन्या टोकियोच्या पद्धतीच्या दुकानात सॅल्मनची निगीरी बहुतेक नसतेच, कारण इथल्या समुद्रातला सॅल्मन (त्यालाही साकेच म्हणतात) जंत असतात म्हणून कच्चा खायची पद्धतच नव्हती, हा सॅल्मन सुशीवर आला तो नॉर्वेवाल्यांनी १९८० च्या दशकात जोर लावून विकला म्हणून. आज कैतेनमध्ये, म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या सुशीच्या दुकानात, जपानी पोरंही आधी सॅल्मनच उचलतात, ते सोडा. दादाला हे सांगितलं तर तो खट्टू झाला, म्हणाला मग चांगलं काय आहे ते त्यांनाच ठरवू दे. आणि तायशोंनी त्याच्यासमोर कोहादा ठेवला, मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेला, चांदीसारखा चमकणारा, जो नवख्या माणसाला सहसा आवडत नाही. दादाने खाल्ला. थांबला. म्हणाला, हा परत मिळेल?

कोपऱ्यातले आजोबा तोपर्यंत आले होते, त्यांनी पेपर खाली ठेवला आणि दादाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. पुढचा एक तास त्या दोघांचं काहीतरी चालू होतं, एक जपानीतून, एक मराठी-इंग्लिशमधून, मध्ये मी. बिल आलं तेव्हा दादाने ओतोशीचे पैसे कसले म्हणून विचारलं, आधी न मागता छोटी वाटी येते ना, त्याचे, हा प्रश्न इथे येणारा प्रत्येक टुरिस्ट विचारतो. फोटो त्याने काढला, तायशोंना विचारून, एकच. रात्री मेसेज आला, ताई दुकानाचं लोकेशन पाठव, टॅग करतो. (मी त्याच्याहून लहान आहे, पण काम असलं की ताई म्हणतो.) मी नाही पाठवलं. म्हटलं नेट गंडलंय.

वहिनींना म्हणाल तर यातलं काहीच फार आवडलं नाही. त्यांना आवडली कैतेन, तीच पट्ट्यावरची सुशी. टॅबलेटवर इंग्लिश, फोटो बघून बोट लावायचं, प्लेट झुप्पकन समोर, खा नाहीतर नका खाऊ, कोणी बघत नाही. १९५८ मध्ये ओसाकाजवळ हे सुरू झालं, बियरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा बघून एका दुकानदाराला सुचलं, आणि १९७० च्या ओसाका एक्स्पोनंतर सगळीकडे पसरलं. ज्याला जिकाची भीती वाटते त्याच्यासाठीच. पूर्वीची १०० येनची प्लेट २०२२ मध्ये बऱ्याच मोठ्या चेनमध्ये संपली, पण अजूनही पोटभर खाऊन दोन हजार येनमध्ये सुटता येतं. आता बऱ्याच ठिकाणी प्लेटा फिरतही नाहीत, ऑर्डर केली की थेट येतात, त्यातच २०२३ च्या सुरुवातीला एका पोराचा सोयाची बाटली चाटतानाचा व्हिडिओ पसरला आणि सगळा देश हादरला. तो पोरगा जपानीच होता बरं का. टुरिस्ट मॅनर्स पाळत नाहीत अशी तक्रार कोणी माझ्यासमोर सुरू केली की मी ती बाटली काढते.

दादा-वहिनी गेले. पुढच्या शुक्रवारी मी दुकानात. नऊपैकी सात सीट भरलेल्या, दोन रिकाम्या, त्या न बोलणाऱ्या जोडप्याच्या. ते फोन करून बुकिंग वगैरे करत नाहीत, शुक्रवारी येतात म्हणजे येतात. सव्वासातला दार सरकलं. एक तरुण जोडपं, पाठीवर मोठ्या बॅगा, हातात फोन, फोनवर मॅप. वाटतं चांगली माणसं होती. मुलीने वाकून, चुकत चुकत, पाठ केलेलं जपानी वाक्य म्हटलं, दोघांना जागा आहे का.

तायशोंनी सुरी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाले, मानसेकी सांग.

मानसेकी, म्हणजे फुल. मी वळून इंग्लिशमध्ये म्हटलं, फुल आहे, सॉरी. मुलाने त्या दोन सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे. रिझर्व्ह आहेत, मी म्हटलं. मुलगी म्हणाली, तुम्ही पण बाहेरच्याच ना? तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच वाटलं होतं मी काहीतरी सांगेन, आत कसं यायचं ते. मी म्हटलं हो, पण इथेच राहते. ती "ओके" म्हणाली, दोघांनी परत वाकून नमस्कार केला आणि दार इतकं हळू लावलं की आवाजसुद्धा आला नाही.

आठ वाजले. साडेआठ. आजोबा उठले, गुडघा धरून गेले. साडेनऊला तायशोंनी त्या दोन सीटसमोरच्या बश्या उचलून मागे ठेवल्या. आज आले नाहीत, म्हणाले, सर्दी झाली असेल. मग त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेला कोहादा कापून माझ्यापुढे ठेवला, दोन तुकडे. बिलात ते धरले नाहीत. मी खाल्ले.